आधी लोखंड दाखवा, मग रंग लावा

परवा हिसारच्या मेसमध्ये जेवताना एका निवृत्त वरिष्ठांनी मला सगळ्यांसमोर विचारले, "काय रे, अजून ती फ्रेम खरवडतोच आहेस? टाकून दे पावडर कोटिंगला. चार हजारांत काम होतं, संध्याकाळी घरी." टेबलावर हशा झाला. मी "येस सर" म्हणून भात संपवला. मेसमध्ये ज्येष्ठांशी वाद घालायचा नसतो, म्हणून तो वाद इथे घालतो आहे.

आधी कबूल करतो. पैशांत सर बरोबर आहेत. माझ्या बुलेटच्या फ्रेमवर मी ५,५७० रुपये आणि डिसेंबर-जानेवारीतले सहा रविवार घातले. पावडर कोटिंगवाल्याने ब्लास्टिंग धरून चार हजारच सांगितले होते. दिल्लीच्या एका दुकानाने फ्रेम आणि पत्र्याचे सगळे भाग मिळून 'रिस्टोरेशन पॅकेज' अठ्ठावीस हजारांना देऊ केले, पण ते अठ्ठावीस हजार माझ्याकडे नव्हते. पावडर कोटिंग वाईट असते असेही माझे म्हणणे नाही. नीट केले तर तो थर हाताने मारलेल्या कोणत्याही रंगापेक्षा चिवट असतो. माझे भांडण निराळे आहे. मी त्या कारखानदाराला म्हटले, "ब्लास्टिंग झालं की थांबा, मी येऊन उघडं लोखंड बघतो, मग पावडर मारा." तो म्हणाला, "साब, हम रोकते नहीं. ब्लास्ट होके सीधा लाइन पे जाता है." त्याचेही कारण खरे आहे, उघडे पोलाद दमट हवेत काही तासांत तांबूस व्हायला लागते. मी म्हटले, मी दारातच उभा राहतो, फक्त अर्धा तास द्या. नाही म्हणाला. दिल्लीवाल्याने तर 'बिफोर' आणि 'आफ्टर' असे दोन फोटो पाठवायचे कबूल केले. मधला फोटो मागितला तर त्याला प्रश्नच कळला नाही.

मला तोच मधला फोटो हवा होता. तो का, ते सांगतो.

ही बुलेट १९८७ची, वडिलांची. वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि चिपळूणला स्थायिक झाले. ज्यांनी हिरव्या बुलेटवर नोकरी केली त्या पिढीला दुसरी मोटारसायकल मोटारसायकल वाटतच नाही. १९५५ला मद्रासमध्ये बुलेट बनायला लागली तीच मुळात फौजेच्या मागणीमुळे, हे वडील प्रत्येक पाहुण्याला सांगत. २००५ला मी नवा लेफ्टनंट, सुट्टीवर घरी आलो असताना, गाडी एका मोरीच्या कठड्यावर घातली. मला खरचटले, पुढचा फोर्क वाकला. गावातल्या कारागिराने फोर्क सरळ केला, 'टकाटक' रंगवून दिली. वडील खूश, मी सुटलो. त्यानंतर वडिलांनी ती गाडी बारा-तेरा वर्षे चालवली. मागे बहुतेक वेळा आई बसलेली असे.

जुलै २०२१च्या पुरात गाडी दोन दिवस पाण्याखाली होती. तोवर वडील गेले होते. आई वरच्या मजल्यावर होती, ती सुखरूप राहिली, आणि खालच्या सामानाचे कोणाला काही वाटायच्या मनःस्थितीत आम्ही नव्हतो. दोन वर्षांनी गाडी टाकी रिकामी करून रेल्वेच्या पार्सलने मागवली. नळ्यांच्या भोकांतून वाशिष्ठीचा वाळलेला गाळ पडत होता.

आता कामाचे बोलू, कारण रागाने नुसते लिहिण्यापेक्षा ज्याला हे करायचे आहे त्याच्या हाती काहीतरी पडावे.

जुना रंग काढायचे स्वस्त मार्ग तीन: रसायन, तारेचा ब्रश आणि कॉस्टिक सोडा. बाजारात मिळणाऱ्या पेंट रिमूव्हरच्या बऱ्याच डब्यांत मेथिलीन क्लोराईड असते. रंग दहा मिनिटांत सुरकुतून उठतो, बघायला मजा येते. पण त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साठते, आणि शरीरात गेल्यावर तिचा कार्बन मोनॉक्साइड होतो. बंद गॅरेजमध्ये हे काम करणारी माणसे मेलेली आहेत. नाकाला रुमाल बांधून काही होत नाही. उघड्यावर करा, वारा पाठीमागून घ्या. मी हिसारच्या थंडीत व्हरांड्यात कुडकुडत केले ते हौस म्हणून नव्हे. कॉस्टिकचे पाणी स्वस्त आहे आणि पोलादावर चालते, पण ॲल्युमिनियम खाते. इंजिनाचे किंवा हबचे काही त्यात बुडवू नका.

ग्राइंडरला लावायचा तारेचा कप ब्रश सर्वांचा आवडता, आणि सर्वांत जास्त फसवणारा. तो गंजाच्या खड्ड्यांतला गंज काढत नाही, त्याला पॉलिश करतो. वरून चांदीसारखे दिसते, खड्ड्याच्या तळाशी तपकिरी तसेच. तिथे फॉस्फरिक आम्लाचे द्रावण लावायचे, थांबायचे, घासायचे, पुन्हा लावायचे, शेवटी पाण्याने स्वच्छ धुऊन गरम हवेने लगेच सुकवायचे. धुणे टाळले तर वरचा इपॉक्सी नीट धरत नाही. आणि ब्रशमधून तुटून उडणाऱ्या तारा डोळ्यात जातात, तेव्हा गॉगल. माझ्या हिशेबात सर्वांत मोठी रक्कम गॉगल, हातमोजे आणि कार्ट्रिजच्या मास्कची आहे, १,२५० रुपये, आणि तेवढ्यावर मला अजिबात काटकसर करायची नव्हती.

सँडब्लास्टिंग करून घ्यायचेच असेल तर एक विचारा: कशाने करता? आपल्याकडे अजून कित्येक ठिकाणी नदीची वाळू वापरतात. त्या धुळीतली सिलिका कामगाराच्या फुप्फुसात बसते आणि परत निघत नाही. आपली मोटारसायकल नवी दिसावी म्हणून फडके गुंडाळलेल्या पोराची छाती भरायची, हा सौदा मला जमला नाही.

नळ्यांतला गाळ काढायला सर्वांत जास्त वेळ गेला. प्रत्येक भोकातून पाणी, मग हवा, मग पुन्हा पाणी, गाळ थांबेपर्यंत. सुकल्यावर आत जुने इंजिन ऑइल ओतून फ्रेम चारी बाजूंनी फिरवली आणि रात्रभर निथळत ठेवली. बाहेरून इतका सुंदर रंग मारणारे लोक नळीच्या आतल्या बाजूचे नावही काढत नाहीत, कारण ती फोटोत येत नाही.

तिसऱ्या रविवारी हँडलच्या नळीपाशी पोचलो. पुढची उतरती नळी जिथे येऊन मिळते, त्या कोनात रिमूव्हरने काळा रंग उठला, त्याखाली आणखी एक काळा, आणि त्याखाली पिवळट पांढरी लांबी. बॉडीवर लांबी असते, मडगार्डवर असते. फ्रेमच्या सांध्यावर लांबी कशाला? खरवडली. खाली केसाएवढी रेघ.

रेघ म्हणजे ओरखडा की भेग, हे ठरवायची जुनी युक्ती आहे. जागा स्वच्छ करून रॉकेल लावायचे, थोडा वेळ मुरू द्यायचे, पुसून कोरडे करायचे आणि वर खडूची पूड चोळायची. भेग असेल तर आत शिरलेले तेल पांढऱ्या पुडीवर ओली रेघ काढते. (युनिटमध्ये रॉकेल आहे, पण ते बुखारीचे, माझ्या बुलेटचे नव्हे. मी डिझेल वापरले, तेही चालते.) पाचेक मिनिटांत रेघ उमटली. जवळजवळ दोन सेंटिमीटर.

मी ग्राइंडर बंद करून तसाच पायरीवर बसलो. २००५चा कठडा. बारा-तेरा वर्षे. कुंभार्ली घाट वडील याच गाडीने चढत-उतरत होते, आईला मागे घेऊन, आणि दोघांच्या वजनाचा प्रत्येक खड्डा या दोन सेंटिमीटरवर येत होता. कारागिराने भेग पाहिली होती का? पाहिल्याशिवाय कोणी नेमकी तिथेच लांबी भरत नाही. पण त्याच्यावर मला पूर्ण रागावता येत नाही. रंग लवकर हवा म्हणून त्याच्या डोक्यावर उभा मी होतो. सुट्टीचे चार दिवस उरले होते आणि वडिलांना कळायच्या आत गाडी चकाचक हवी होती.

फौजेत आम्हाला ही सवय फार लवकर लागते. खडकवासल्याला पहिल्याच सत्रात कॅडेट शिकतो की साबणाच्या दोन वड्या ठेवायच्या, एक वापरायची आणि एक इन्स्पेक्शनला दाखवायची. कपाटातला टॉवेल दाखवायचा, अंग पुसायचा निराळा. यात शिस्त शिकवली जाते हे मला मान्य आहे, आणि त्या शिस्तीने पुढे माझा जीवही वाचवला आहे. पण तिच्याच पोटात दुसरा धडाही असतो, की दिसते ते खरे. पुढे युनिटमध्ये गेरू-चुना येतो. झाडांचे बुंधे, दगड, विटांच्या कडा. मोठे साहेब येणार म्हटले की ब्रश निघतात. दगडाला रंग लावल्याने कोणाचे बिघडत नाही. गाडीला लावल्याने बिघडते.

मी कॅप्टन असताना पूर्वेकडच्या एका डोंगराळ पोस्टिंगवर युनिटचा एमटीओ होतो. इन्स्पेक्शन पाच दिवसांवर आले होते. पाण्याच्या एका ट्रेलरचा पुढचा दांडा गंजलेला दिसत होता. एमटीच्या हवालदाराने विचारले, "साहेब, खरवडून घेऊ का आधी?" मी म्हणालो, "वेळ नाही. वरून मारा." हे चार शब्द माझे आहेत, कोणाच्या हुकमाने बोललेले नाहीत. दोन रात्रींत सगळ्या गाड्या नव्याकोऱ्या ऑलिव्ह ग्रीन. इन्स्पेक्शनचा शेरा उत्तम आला. सात आठवड्यांनी एका चढाच्या वळणावर तो दांडा तुटला. ट्रेलर मागे घसरला आणि दगडाची ओट लावायला उतरलेल्या नांदेडकडच्या एका जवानाचा पाय त्याखाली आला. पाय राहिला, पण घोट्यापासून कायमचा अधू. मेडिकल कॅटेगरी खाली गेली, आणि जो मुलगा युनिटच्या क्रॉसकंट्री टीममध्ये धावत होता तो स्टोअरमध्ये बसायला लागला.

चौकशी झाली. कागदावर 'धातूचा थकवा' आला, आणि तो खोटा नव्हता. पण तुटलेला दांडा मी हातात घेऊन पाहिला होता. तुटीचा अर्धा भाग ताजा, करड्या दाण्याचा. उरलेला अर्धा जुना, तपकिरी, आणि त्याच्या कडेला आत झिरपलेली हिरव्या रंगाची बारीक रेघ. भेगेत रंग शिरला म्हणजे रंग लावताना भेग उघडी होती. खरवडले असते तर दिसली असती. हे चौकशीत मला कोणी विचारले नाही आणि मी आपण होऊन सांगितले नाही. आज पंधरा वर्षांनी लिहितो आहे, यात काही शौर्य नाही.

म्हणून मेसमधला हशा मला लागला. "एवढं काय, रंगच तर आहे" हे वाक्य मी स्वतः बोललेलो आहे.

दुसरा नेहमीचा युक्तिवाद बजेटचा. खरवडायला माणसे नाहीत, वेळ नाही, पैसे नाहीत. रंगाला मात्र असतात. माझा हिशेब बघा. रिमूव्हर ७८०, ब्रश आणि पेपर ६२०, आम्ल ३४०, इपॉक्सी प्रायमर हार्डनरसकट ९५०, काळा सिंथेटिक इनॅमल ४२०, थिनर आणि टर्पेंटाइन ४१०, संरक्षणाचे सामान १,२५०, वेल्डिंग ८००. यात जो रंग लोकांना दिसतो त्याचे फक्त ४२० रुपये आहेत. बाकीचे सगळे त्याच्या खालचे. दुकानदार नेमके उलटे करतात, कारण गिऱ्हाईक बोट फिरवून चमक बघते आणि पैसे देते. गिऱ्हाइकाला हे शिकवले कोणी? आपणच, साबणाची कोरी वडी दाखवून.

वेल्डिंगचे सांगायला हवे, कारण इथे पुष्कळ जण घाई करतात. भेगेवर नुसती वरून वेल्डिंगची शिवण मारली तर भेग खाली तशीच राहते आणि शिवणीच्या टोकाकडून पुढे सरकते. हिसारला ईएमईतून निवृत्त झालेले एक हवालदार छोटे दुकान चालवतात. त्यांनी भेगेच्या दोन्ही टोकांना बारीक भोके पाडली, म्हणजे ती पुढे पळत नाही, मग व्ही आकाराची खाच करून तळापासून भरत आले. त्याआधी फ्रेम चौकटीत आवळून बांधली, कारण हँडलची नळी उष्णतेने अर्धा अंश जरी फिरली तरी गाडी आयुष्यभर एका बाजूला ओढते. दोऱ्याने आणि ओळंब्याने दोनदा मोजले. वर त्यांनी मला सुनावलेही, "साब, ये वाला पार्ट पेंटर को कौन देता है?" मी गप्प राहिलो.

प्रायमरबद्दल थोडक्यात. साधा रेड ऑक्साइड मारून फ्रेम महिनाभर उघडी ठेवू नका. तो सच्छिद्र असतो, ओल आत जाते आणि गंज त्याच्याखाली सुरू होतो. इपॉक्सी महाग, पण ओल अडवतो. लोखंड उघडे केले त्याच दिवशी तो लागला पाहिजे. हिसारचे धुके सकाळी दहापर्यंत हटत नाही, तेव्हा मी एका दिवशी जेवढे अकरा ते तीनमध्ये रंगवता येईल तेवढेच खरवडत असे. चेसिस नंबरला मात्र ना ग्राइंडर लावा ना जाड थर. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना आरटीओला तो वाचता आला पाहिजे. मी त्यावर आधी ग्रीस लावले आणि नंतर ब्रशने एक पातळ हात दिला.

हो, फ्रेम मी ब्रशने रंगवली. हसा. तीन पातळ हात, मध्ये हलका वॉटर पेपर, आणि इंजिन चढवायच्या आधी तीन आठवडे कडक होऊ दिली. जवळून बघितले तर ब्रशच्या रेघा दिसतात. पेट्रोल सांडले तर सिंथेटिक इनॅमल मऊ पडतो, हेही खरे. पण ओरखडा पडला तर मी संध्याकाळी दहा मिनिटांत तो दुरुस्त करू शकतो आणि खाली गंज धरला तर मला तो लगेच दिसतो. पावडरच्या जाड थराखाली एकदा ओल शिरली की ती आतल्या आत पसरते, आणि वरून वर्षभर सगळे उत्तम.

काही माजी सैनिकांनी विचारले की ऑलिव्ह ग्रीन का नाही मारला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२१ वाचा. संरक्षण खात्याच्या वाहनाशिवाय दुसऱ्या कोणत्याही वाहनाला तो रंग लावता येत नाही. ज्यांनी तो रंग अंगावर घालून तीस वर्षे काढली त्यांनी तरी आपल्या बुलेटला तो लावून चौकात मिरवू नये. कंपनीने दिलेला काळाच बरा.

आता युनिट माझ्या हाताखाली आहे आणि इन्स्पेक्शन पुढच्या महिन्यात आहे. नेहमीप्रमाणे रंगाची मागणी माझ्यासमोर आली. मी सही केली, पण सोबत लिहिले की प्रत्येक ट्रेलरचा पुढचा दांडा आणि हुकाची जागा लोखंड दिसेपर्यंत खरवडून आधी मला दाखवावी, नंतर ब्रश. तरुण एमटीओचा चेहरा पडला. "सर, एवढ्या दिवसांत सगळ्या होणार नाहीत." मी म्हणालो, ज्या होणार नाहीत त्या गंजलेल्या उभ्या करा, शेरा माझ्या नावावर येईल. त्याला ते पटलेले नाही, हे मला दिसते. त्याच्या वयात मलाही पटले नसते.

आतापर्यंत अकरा दांडे खरवडून झाले आहेत. खडू चोळल्यावर एकावर ओली रेघ उमटली. त्या ट्रेलरवर लाल फुली मारून तो रांगेच्या टोकाला उभा केला आहे, अर्धा हिरवा आणि अर्धा उघडा. साहेब आले की त्यांना तो तिथे तसाच दिसेल.